तंबूतली ऊब कोणाच्या वाट्याची?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सरहद्दीजवळ, ईली नावाचे एक लहानसे गाव आहे. गाव संपले की दहा लाख एकरांहून मोठे जंगल सुरू होते आणि त्या जंगलात हजाराहून अधिक तळी आहेत. उन्हाळ्यात लोक इथे होड्या वल्हवत हिंडतात. हिवाळ्यात तीच तळी गोठून दगडासारखी होतात आणि माणसे त्याच पाण्यावरून चालत जातात. थंडी म्हणजे किती? जवळच्या टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ५१ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. ‘पारा उतरला’ असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण पारा स्वतःच उणे ३९ अंशांच्या आसपास गोठतो.

अशा मुलखात ऐन जानेवारीत, कोणी जबरदस्ती केलेली नसताना, केवळ हौसेने तंबू ठोकून राहायला जाणारी माणसे आहेत. जाड सुती कापडाचा तंबू, आत पत्र्याची घडीची शेगडी, तंबूच्या छतातून बाहेर काढलेले धुराडे आणि त्यातून सरळ वर जाणारी धुराची रेघ. बाहेर झाडांच्या फांद्या थंडीने कडकडताहेत आणि आत माणूस नुसत्या बनियनवर बसून चहा पितो आहे. त्याच्या पायाशी त्याचा कुत्रा डोळे मिटून पडला आहे. चित्र मोठे लोभस आहे. म्हणूनच अलीकडे ते फार पाहिले जाते, आणि जे फार पाहिले जाते ते विकलेही जातेच. आपल्याकडे हिमाचल, उत्तराखंड, लडाख येथेही बर्फातल्या तंबूंचे मुक्काम आता ‘उबदार’ या विशेषणासह विकले जातात आणि मुंबई-पुण्याहून गाडीच्या मागच्या सीटवर कुत्र्याला बसवून तिकडे निघालेली कुटुंबे दिसू लागली आहेत.

या चित्राविषयी माझी एक तक्रार आहे. ते खोटे नाही. पण ते संध्याकाळी सातचे आहे. पहाटे तीनचे चित्र कोणी काढत नाही. तापवलेला तंबू म्हणजे खरे तर तापवलेली संध्याकाळ असते. तापवलेली रात्र ही वस्तू निसर्गात फुकट मिळत नाही. ती हवी असेल तर कोणाला तरी जागावे लागते. आणि ज्याला जागायचे नाही, पण ऊब मात्र सोडायची नाही, तो माणूस स्वतःचा जीव तर धोक्यात घालतोच, शिवाय ज्याने त्याला काहीही विचारलेले नाही अशा एका जिवालाही त्यात ओढतो. माझे म्हणणे एवढेच आहे आणि ते का, हे सांगण्यासाठी जरा शेगडीपासून सुरुवात केली पाहिजे.

तंबूत शेगडी ठेवण्याची कल्पना ऐषारामातून जन्मलेली नाही. कॅनडाच्या उत्तरेकडील इन्नू आणि क्री लोक शिकारीच्या हंगामात पत्र्याची शेगडी घेऊन हिंडत आले आहेत. बर्फावर सूचिपर्णी झाडांच्या कोवळ्या फांद्यांचा जाड थर अंथरायचा, त्यावर तंबू उभारायचा आणि आत चूल पेटवायची. अमेरिकी लष्करातल्या हेन्री सिब्ली नावाच्या अधिकाऱ्याने १८५६ मध्ये शंकूच्या आकाराच्या तंबूचे पेटंट घेतले आणि त्याच्या नावाची शेगडीही पुढे लष्करात रुळली. या सर्वांना शेगडी हवी होती ती मुख्यतः अंग शेकायला नव्हे, तर कपडे वाळवायला. बर्फाच्या मुलखात माणूस थंडीने मरतो हे अर्धसत्य आहे. तो बहुधा ओला होतो आणि मग थंडीने मरतो. दिवसभर चालून आलेला घाम, श्वासातली वाफ, बुटांवर वितळलेले बर्फ या सगळ्याचा हिशोब संध्याकाळी चुकता करावा लागतो.

तो न केल्यास काय होते, हे नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन आणि त्याचा साथीदार यालमार योहानसेन यांच्या प्रवासातून कळते. हे दोघे १४ मार्च १८९५ रोजी आपले जहाज सोडून २८ कुत्र्यांसह उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाले. त्यांच्याजवळ रेशमी तंबू होता आणि स्वयंपाकापुरता स्टोव्ह. कपडे वाळवण्याची सोय नव्हती. दिवसा कपड्यांतला घाम गोठून त्यांचे चिलखत होई, आणि रात्री दोघे एकाच झोपण्याच्या पिशवीत शिरून ते चिलखत स्वतःच्या अंगाच्या उबेने वितळवीत. सकाळी उठून पुन्हा तेच. म्हणजे तंबूत शेगडी ठेवणाऱ्याला ‘आरामशीर’ म्हणून हिणवणारे जे कडवे गिर्यारोहक असतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. शेगडी ही शहाण्या माणसांची जुनी सोय आहे. प्रश्न ती कशी वापरायची याचा आहे.

आपल्यापैकी ज्यांनी न्हाणीघरातला तांब्याचा बंब पाहिला आहे, त्यांना तंबूतली शेगडी समजावून सांगावी लागणार नाही. खालून हवा आत यायची, मधल्या नळीत ढलप्या जळायच्या, धूर वरून निघून जायचा. हवा अडली की बंब धुमसायचा आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरायचे. तंबूतही अगदी हेच. खालून हवा यायला फट हवी, वरून धूर जायला धुराडे हवे, आणि धुराडे जिथे कापडातून बाहेर पडते तिथे न जळणाऱ्या कापडाची कडी हवी. फरक एवढाच की बंबात ढलप्या टाकायचे विसरले तर फार तर आंघोळीला गार पाणी मिळायचे.

तंबूतली पत्र्याची शेगडी पाठीवर किंवा घसरगाडीवर वाहून न्यायची असल्याने हलकी असते. हलकी असते म्हणून ती लवकर तापते आणि तितक्याच लवकर थंड होते. शेवटचे लाकूड घातल्यावर तास-दीड तासात ती विझते, आणि कापडाच्या भिंतींना उष्णता धरून ठेवण्याचे वळण नसल्याने थोड्याच वेळात आतले आणि बाहेरचे तापमान जवळपास सारखे होते. अनुभवी माणसे हे गृहीतच धरतात. ती शेगडीच्या भरवशावर झोपत नाहीत; वाळलेल्या कपड्यांच्या आणि चांगल्या अंथरुणाच्या भरवशावर झोपतात. शेगडी संध्याकाळी कपडे वाळवण्यासाठी आणि सकाळी उठण्याचा धीर येण्यासाठी. ज्यांना रात्रभर आग हवी असते ते पाळी लावतात. अमेरिकी लष्करात तापवलेल्या तंबूत एक शिपाई जागा ठेवण्याची शिस्त आहे. त्याचे कामच आगीवर नजर ठेवण्याचे.

आता या तंबूत कुत्रा कुठे असतो ते पाहा. उष्णता वर चढते हे आपण शाळेत शिकलो. तापलेल्या तंबूत बसलेल्या माणसाच्या डोक्याशी वैशाख असतो आणि जमिनीशी पौष. कुत्रा जमिनीशी असतो. माणूस ‘काय गरम होतंय’ म्हणत स्वेटर काढतो तेव्हा त्याच तंबूत, हातभर खाली, खालच्या बर्फाचा गारवा अंथरुणातून वर येत असतो. कुत्रा आखूड केसांचा असेल तर तो गारठतो. म्हणून तो शेगडीला खेटून झोपायला जातो आणि त्याचे केस करपतात. उलट तो दाट, दुहेरी केसांच्या जातीचा असेल तर त्याला ही ऊब सोसवत नाही. तो धापा टाकू लागतो, अंगावरचे बर्फ वितळून त्याचे केस ओले होतात, मग तो बाहेर जायचे म्हणून दार खरवडतो आणि बाहेर गेल्यावर तेच ओले केस गोठतात. म्हणजे एकाच शेगडीपुढे दोन कुत्र्यांच्या दोन तक्रारी असतात, आणि दोघांनाही त्या मराठीत किंवा इंग्रजीत सांगता येत नाहीत.

‘कुत्रा लांडग्याच्या वंशातला, त्याला काय थंडी वाजणार?’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. त्यात थोडे तथ्य आहे. कुत्र्याच्या पंजात रक्तवाहिन्यांची अशी रचना असते की पंजाकडे जाणारे गरम रक्त परत येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देते. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये हे दाखवून दिले. बर्फावर उभे राहूनही त्याचे अंग चटकन गारठत नाही, त्याचे एक कारण हे. पण पंजाची ही किमया म्हणजे सगळ्या अंगाचा विमा नव्हे. कानांची टोके, शेपटीचे टोक, पोटाखालची विरळ केसांची कातडी या जागा उघड्याच असतात. बोटांच्या बेचक्यात बर्फाचे गोळे साचतात आणि चालता चालता कातडी फाटते. मुंबईच्या दमट हवेत वाढलेला लॅब्रॅडोर आणि ग्रीनलंडचा घसरगाडीचा कुत्रा यांना ‘कुत्रा’ हा एकच शब्द आहे, ही भाषेची सोय आहे, शरीराची नव्हे. जानेवारीत पुण्यातल्या माणसाला स्पीतीत नेऊन ‘माणूसच तो, एस्किमोही माणूसच’ असे आपण म्हणत नाही.

हा झाला गारठ्याचा भाग. पण गारठा निदान कळतो. तंबूतला खरा शत्रू न कळणारा आहे.

लाकूड, कोळसा, रॉकेल, गॅस, काहीही जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला चिकटून बसते. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. आणि गुंगी आली की ‘उठून दार उघडावे’ एवढे सुचण्याची शक्तीच उरत नाही. हे ज्ञान नवीन नाही. डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्स आणि त्याचे खलाशी १५९६ च्या हिवाळ्यात नोवाया झेमल्या बेटावर अडकले. डिसेंबरात थंडी असह्य झाली तेव्हा त्यांनी जहाजावरचा कोळसा आणून आपल्या झोपडीत पेटवला, आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार आणि धुराडे दोन्ही बंद करून घेतले. थोड्या वेळाने सगळ्यांना घेरी येऊ लागली. ज्याच्या अंगात थोडे त्राण होते त्याने धडपडत जाऊन दार उघडले म्हणून ते वाचले. ज्या थंडीला भिऊन त्यांनी दार लावले होते, त्याच थंडीने त्यांना वाचवले.

सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी, १९३४ मध्ये, अमेरिकेचा ॲडमिरल रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकाच्या बर्फात पुरलेल्या एका खोलीत एकटा हिवाळा काढत होता. स्टोव्हच्या सदोष धुराड्यातून आणि विजेच्या यंत्राच्या धुरातून हाच वायू त्याच्या अंगात भिनत गेला. स्टोव्ह लावावा तर विष, न लावावा तर गोठण, अशा पेचात त्याने आठवडेच्या आठवडे काढले. तो नवशिका नव्हता. आपल्या काळातला नावाजलेला ध्रुवीय संशोधक होता. आणि अगदी अलीकडचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन येथे सहलीला गेलेली केरळची आठ माणसे एका खोलीत गॅसचा हीटर लावून झोपली. त्यांत चार मुले होती. खोलीची दारे-खिडक्या बंद होत्या. सकाळी त्यांतले कोणीही उठले नाही. उत्तर भारतात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या हिवाळ्यात येतातच; आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने घेतलेले बळीही आपण वाचले आहेत. तंबू कापडाचा असला तरी त्याला यातून सूट नाही. नायलॉनचे कापड आधीच हवा कमी जाऊ देते, त्यावर बर्फ पडले, आतली वाफ गोठली की उरलीसुरली छिद्रेही बुजतात. ज्या गॅस हीटरला धुराडेच नसते, तो जळताना जे काही बाहेर टाकतो ते सगळे तंबूतच राहते, पाण्याची वाफसुद्धा. म्हणजे ज्याने कपडे वाळायचे, त्यानेच ते दमट होतात.

इथे एक भाबडी समजूत नेहमी पुढे येते. ‘कुत्रा आहे ना बरोबर, काही झाले तर तो उठवील.’ चोर आला, अस्वल आले, आग लागली तर तो उठवील हे खरे. त्याचे सारे शहाणपण नाकात आणि कानात आहे. पण ज्या वायूला वासच नाही त्याच्यापुढे ते नाक काय करणार? जो पावलांचा आवाज करत नाही त्याच्यावर तो भुंकणार तरी कसा? शिवाय तोही तीच हवा घेत असतो. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी पिंजऱ्यात घालून नेत; जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने ती युक्ती सुचवली होती आणि १९८६ पर्यंत ती चालू होती. लहान जीव आधी कोसळतो, मोठ्याला इशारा मिळतो, असे ते गणित. कुत्र्याच्या भरवशावर बंद तंबूत हीटर लावून झोपणारा माणूस त्याला राखणदार समजत असतो. खरे तर त्याने त्याचा कॅनरी केलेला असतो. आणि कॅनरीकडे पाहायला निदान खाणीतला माणूस जागा तरी असे.

मला हे इतके लागते याचे कारण जुन्या हिशोबात आहे. थंड प्रदेशांच्या शोधाचा इतिहास माणसांच्या नावांनी लिहिला गेला; तो ओढला मात्र कुत्र्यांनी. नान्सेनबरोबर निघालेल्या २८ कुत्र्यांपैकी जे कमजोर होत गेले, त्यांना मारून त्यांचे मांस बाकीच्यांना घातले गेले. ऑगस्ट १८९५ मध्ये उघडे पाणी लागले तेव्हा दोनच उरले होते, आणि त्यांना होडीतून नेणे शक्य नव्हते. नान्सेन आणि योहानसेन यांना आपापला कुत्रा मारवेना, म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याचा मारला. आमुंडसेन १९११ च्या ऑक्टोबरात ५२ कुत्रे घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाला, १४ डिसेंबरला पोहोचला आणि जानेवारी १९१२ मध्ये तळावर परतला तेव्हा त्यातले ११ राहिले होते. बाकीच्यांपैकी बहुतेकांना ठरल्याप्रमाणे मारले गेले. त्याच्या चोख हिशोबाचे कौतुक होते, आणि हिशोब चोख होता हे खरेच आहे. परतीच्या वाटेवर मेलेल्या स्कॉटच्या साठ्यांतल्या डब्यांमधून रॉकेल उडून गेले होते, कारण थंडीत चामड्याचे वायसर टिकले नाहीत. आमुंडसेनने आपले डबे झाळून घट्ट बंद केले होते. ज्या पिढीने स्टोव्हला पंप मारला आहे, काकडा पेटवला आहे, पिन मारली आहे, तिला एका वायसरावर किती अवलंबून असते हे सांगायला नको. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास निघालेला हाच प्रायमस स्टोव्ह ध्रुवावरच्या तंबूंतही होता आणि आपल्या चाळींतल्या स्वयंपाकघरांतही. पण त्या ध्रुवावरच्या तंबूंतल्या उबेत कुत्र्यांचा वाटा नव्हता. ते बाहेर, बर्फात, शेपटीत नाक खुपसून झोपत.

माझा आक्षेप कुत्रा बाहेर झोपण्याला नाही. लडाखच्या चांगथांग पठारावर चांगपा मेंढपाळ याकच्या केसांच्या काळ्या तंबूत, मधोमध चूल आणि वर धूर जायला उघडे तोंड ठेवून, हिवाळा काढतात. त्यांचे कुत्रे लांडग्यापासून कळप राखत बाहेरच असतात. आपल्याकडचा धनगरही वाड्यावर घोंगडी पांघरून उघड्यावर झोपतो आणि त्याचा कुत्रा मेंढरांच्या कडेला. तिथे दोघांच्या वाट्याला एकच आभाळ असते, आणि कुत्रा त्या हवेतच जन्मलेला असतो. ज्या थंडीत मी आहे त्याच थंडीत तू, हा न्यायाचा व्यवहार आहे. अन्याय तेव्हा होतो जेव्हा एकाच्या हौशीची किंमत दुसरा मोजतो.

आणि कुत्र्यांना आपले मानून त्यांची काळजी वाहणाऱ्यांची परंपराही तितकीच खरी आहे. याच ईली गावच्या विल स्टीगरने १९८९-९० मध्ये सहा देशांच्या सहा जणांच्या तुकडीतून घसरगाड्यांवरून अंटार्क्टिका खंड आडवा पार केला. सुमारे सहा हजार किलोमीटर, सात महिन्यांहून अधिक काळ. मुक्कामाला अवघे २५-२६ किलोमीटर उरले असताना, १ मार्च १९९० रोजी, त्यांच्यातला जपानी सदस्य केइझो फुनात्सू कुत्र्यांना पाहून यायला तंबूबाहेर पडला आणि हिमवादळात हरवला. कुत्रे करतात तसाच त्याने बर्फात खड्डा केला आणि त्यात स्वतःला पुरून घेऊन रात्र काढली. सुमारे तेरा तासांनी साथीदारांना तो जिवंत सापडला. पुढच्या वर्षी झालेल्या माद्रिद करारानुसार अंटार्क्टिकात कुत्रे नेण्यास बंदी आली आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथले शेवटचे कुत्रे हलवण्यात आले. त्यांच्यापासून सीलना रोग होण्याची भीती हे त्यामागचे एक कारण. त्या खंडावरचा कुत्र्यांचा इतिहास असा संपला. तंबूबाहेर कुत्र्यांना पाहायला गेलेला माणूस, हे त्या इतिहासातले मला सर्वांत आवडते पान आहे.

अलास्कात १९७३ पासून होणाऱ्या इडिटारॉड या सुमारे हजार मैलांच्या घसरगाडीच्या शर्यतीवर पुष्कळ टीका होते, कारण तिच्यात कुत्रे दगावले आहेत. ती टीका रास्त आहे. पण तिथल्या चांगल्या हाकाऱ्यांचा मुक्कामावरचा क्रम शिकण्यासारखा आहे. आधी कुत्र्यांच्या पायांतले कापडी बूट काढायचे, पंजे तपासायचे, खाली पेंढा अंथरायचा, गरम खाणे-पाणी द्यायचे. आणि मग स्वतःचे जेवण, स्वतःचा बिछाना. प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट जवळ असलेच पाहिजेत, असा शर्यतीचा नियमच आहे. हौसेने जाणाऱ्याला याहून कमी चालेल असे मानण्याचे काही कारण नाही. उलट, त्याला कुठे वेळेत पोहोचायचे नसते, तेव्हा सबबही नसते.

‘मग कुत्र्याला घरीच ठेवावे’ असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. मालकाबरोबर चालणे, नवे वास घेणे, बर्फात लोळणे यात त्याला जो आनंद असतो तो खोटा नसतो. आणि चार दिवस पिंजऱ्यात किंवा परक्याच्या घरी राहण्यापेक्षा त्याला तंबूच बरा वाटेल. नेऊ नका, असे नाही. पण नेल्यावर काही गोष्टी आपोआप आपल्या अंगावर येतात. आग जागेपणीच, झोपण्यापूर्वी ती पूर्ण विझवायची. धुराडे नसलेला हीटर लावून झोपायचेच नाही. आग असो वा नसो, वर आणि खाली हवेला वाट उघडी ठेवायची, मग थोडी थंडी आत आली तरी चालेल. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे छोटे यंत्र मिळते. ते जरूर न्यावे, पण थंडीत बॅटरी लवकर मान टाकते हे विसरू नये. कुत्र्याला त्याचे स्वतःचे जाड अंथरूण हवे, जमिनीपासून तोडणारे; त्याचे अंग पुसून कोरडे करायचे ते आपले मोजे वाळत घालण्याआधी. आणि त्याने चालताना पाय उचलून धरला, तो कुडकुडू लागला, किंवा नुसता उभा राहून आपल्याकडे पाहू लागला, तर परत फिरायचे. मुक्कामाचे पैसे भरलेले असले तरी.

तंबू विकणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. बर्फात घरासारखी ऊब मिळेल असे सांगू नका. घराला भिंती असतात, आणि तरीही घरात माणसे अशाने मेली आहेत. तंबूत मिळते ती वेगळ्या जातीची ऊब. थोडी, लक्ष देऊन मिळवलेली आणि लवकर संपणारी. तिची गोडीही त्यातच आहे. जो पाहुण्याला हे आधी सांगतो, त्याच्याकडे पाहुणा दुसऱ्यांदाही येतो.

हिमालयात कुत्र्याबरोबर चालत गेलेला आपल्याला माहीत असलेला पहिला माणूस म्हणजे युधिष्ठिर. भाऊ गेले, द्रौपदी गेली; शेवटी इंद्र रथ घेऊन आला तेव्हा धर्मराजाने कुत्र्याशिवाय स्वर्गात जायचे नाकारले. ही गोष्ट आपण निष्ठेची म्हणून सांगतो. तिच्यातली एक साधी बाब मात्र आपल्या नजरेतून सुटते. युधिष्ठिराने त्या कुत्र्याला नेले नव्हते. तो हस्तिनापुरापासून आपणहून मागे आला होता. आणि जो आपणहून आला त्याच्यासाठी तो राजा स्वर्गाच्या दारात अडून बसला. आपण तर आपल्या कुत्र्याला पट्टा बांधून, गाडीत घालून, आपल्या रजेच्या तारखांना, आपल्या हौशीसाठी नेतो. मग आपले उत्तरदायित्व किती मोठे असायला हवे?

स्वर्गाचे राहू द्या. पहाटे तीनला शेगडी विझलेली असते, तंबूच्या कापडावर श्वासाचे दहिवर जमलेले असते. कुत्रा उठतो, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतो आणि पुन्हा अंग मुडपून बसतो. त्या वेळी झोपेतून हात बाहेर काढून, त्या थंडीत, त्याच्या पाठीवरचे पांघरूण कोणी नीट केले तर तंबू तापलेला होता असे खुशाल म्हणावे.